विमान जमिनीवर असते तेव्हा

१५ ऑक्टोबर १९३२ या दिवसाची गोष्ट आपल्याकडे पुष्कळदा सांगितली गेली आहे. अठ्ठावीस वर्षांचे जे. आर. डी. टाटा कराचीच्या ड्रिघ रोड विमानतळावरून एका इंजिनाचे 'पस मॉथ' विमान घेऊन सकाळी निघाले आणि टपालाच्या थैल्यांसह दुपारी मुंबईला जुहूच्या मैदानावर उतरले. तिथून नेव्हिल व्हिन्सेंट यांनी ते टपाल बेल्लारीमार्गे मद्रासला नेले. या गोष्टीतला एक तपशील मात्र सांगणाऱ्याच्या तोंडून बहुधा ओझरताच निघतो. वाटेत विमान अहमदाबादला पेट्रोलसाठी थांबले होते, आणि बर्मा शेल कंपनीने ते पेट्रोल चार-चार गॅलनच्या डब्यांतून बैलगाडीवर आणले होते.

म्हणजे भारतीय हवाई टपालाच्या पहिल्याच दिवशी विमानाच्या सेवेला जमिनीवरून जे पहिले वाहन आले, ते बैलगाडी होते. वैमानिकाचे नाव शाळकरी मुलालाही ठाऊक असते. त्या गाडीवानाचे नाव माझ्या वाचनात कुठे आलेले नाही.

हा लेख त्या गाडीवानाच्या वारसांविषयी आहे. विमान आकाशात असताना त्याचा इतिहास लिहायला माणसे मिळतात. ते जमिनीवर उभे असताना त्याच्या पोटाखाली जे वावरतात, त्यांचा इतिहास कंपन्यांच्या ताळेबंदांत आणि सरकारी निर्णयांत विखुरलेला असतो. मी दिग्रसचा. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या या तालुक्याच्या गावाला विमानतळ नाही. वर्धा–नांदेड रेल्वेमार्गाचे काम अजून चालू आहे. आमची खरी वाहतूक एस. टी.ची आणि कापसाच्या गाड्यांची. तरीही हा विषय मला जवळचा वाटतो, कारण इतिहास शिकवण्यात माझी नोकरी गेली आणि माझ्या वर्गातून गेलेल्या काही मुलांनी पुढे नागपूर-मुंबईला 'एव्हिएशन'चे शिक्षण घेतले. त्यांच्या बापांनी फीसाठी वावर गहाण टाकले. त्या मुलांपैकी एकही वैमानिक झाला नाही. जी टिकली ती विमानतळावर जमिनीवरच टिकली. ती ज्या धंद्यात शिरली त्याचा मागचा-पुढचा धागा जुळवावा, म्हणून हा खटाटोप.

जमिनीवरची दोन कामे

विमान उतरल्यापासून पुन्हा उडेपर्यंत जी कामे होतात त्यांचे दोन ढोबळ भाग पडतात. पहिल्याला 'ग्राउंड हँडलिंग' म्हणतात. विमान जागेवर आले की चाकांना ठोकळे लावायचे, बाहेरून वीज द्यायची, जिना जोडायचा, सामान उतरवायचे, आतला कचरा आणि शौचालयाच्या टाकीतला मैला काढायचा, पिण्याचे पाणी भरायचे, नवे सामान चढवायचे आणि शेवटी विमानाला ट्रॅक्टरने मागे ढकलून मोकळे करायचे. विमानाला गाडीसारखे आपले आपण मागे जाता येत नाही. त्याला कुणीतरी ढकलावेच लागते. देशांतर्गत प्रवासाच्या मध्यम आकाराच्या विमानाचे हे सगळे पाऊण तासाच्या आत उरकावे लागते.

यात केवळ हमालीच असते, असा समज आहे. माझा एक माजी विद्यार्थी या कामात आहे. त्याने मला हे समजावले ते आमच्याच भाषेत. बैलगाडीत मागच्या बाजूला ओझे जास्त झाले की गाडी उलार होते, जू वर उचलले जाते. पुढे जास्त झाले की बैलांच्या मानेवर भार येतो. विमानाचेही तसेच असते. कोणत्या कप्प्यात किती वजन, याचा हिशेब करून 'लोड अँड ट्रिम'चा तक्ता तयार होतो आणि थैल्या त्या तक्त्याप्रमाणेच रचाव्या लागतात. "सर, विमानबी उलार होते," असे तो म्हणाला. उभ्या विमानाचे नाक वर उचलून शेपटी जमिनीला टेकल्याच्या घटना जगभर झालेल्या आहेत.

दुसरा भाग देखभाल-दुरुस्तीचा. प्रत्येक उड्डाणापूर्वी विमानाभोवती फिरून तपासणी होते. ठरावीक तासांनी 'ए' तपासणी, साधारण दीड-दोन वर्षांनी 'सी' तपासणी, आणि काही वर्षांच्या अंतराने मोठी तपासणी. या शेवटच्या तपासणीत खुर्च्या, भिंतींची आच्छादने, जमिनीच्या फळ्या असे सगळे काढून विमानाचा सांगाडा उघडा करतात आणि गंज, भेगा शोधतात. हे काम आठवडेच्या आठवडे चालते. ते पुरे झाले की परवानाधारक अभियंता विमान सेवेसाठी सोडल्याच्या प्रमाणपत्रावर सही करतो. ती सही नसेल तर वैमानिक कितीही अनुभवी असो, विमान हलत नाही. आपल्याकडे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय हे परवाने देते. यंत्राचा परवाना वेगळा, वीज-इलेक्ट्रॉनिक उपकरणांचा वेगळा. आणि विमानाच्या प्रत्येक जातीसाठी परवान्यावर स्वतंत्र नोंद.

सुई-दोऱ्याचे दिवस

टाटांच्या त्या पहिल्या विमानांची देखभाल आजच्या मानाने सुतार-शिंप्याच्या कामासारखी होती. पस मॉथच्या पंखांचा सांगाडा लाकडी, त्यावर कापड ताणलेले. त्या काळच्या ब्रिटिश विमानांवर साधारणपणे लिनन वापरत आणि ते ताठ राहावे म्हणून त्यावर 'डोप' नावाचे रोगण चढवत. लिननचा धागा निघतो जवसाच्या झाडापासून. आमच्या वऱ्हाडात जवस तेलासाठी पेरतात, त्याचीच उंच वाढणारी जात युरोपात धाग्यासाठी पेरतात. कापड फाटले तर ठिगळ लावून शिवायचे आणि पुन्हा रोगण द्यायचे, ही तेव्हाची दुरुस्ती.

जुहूची धावपट्टी म्हणजे समुद्राकाठची मोकळी जागा. पावसाळ्यात तिथे पाणी आणि चिखल, म्हणून चार महिने सगळा बाडबिस्तरा पुण्याला न्यावा लागे. वैमानिक पुण्याला उतरायचा, इतकेच त्यात नव्हते. अवजारे, सुटे भाग, पेट्रोल आणि मेकॅनिक, सगळेच पुण्याला जायचे. पहिल्या वर्षभरात टाटांच्या विमानांनी १,६०,००० मैलांचा प्रवास केला आणि कंपनीला ६०,००० रुपये नफा झाला, हा आकडा प्रसिद्ध आहे. मला त्यात एवढेच दिसते की एका इंजिनाचे विमान दीड लाख मैल बिनबोभाट उडते, तेव्हा रोज संध्याकाळी कुणीतरी ते इंजिन उघडून पुसलेले असते.

दुसऱ्या महायुद्धाने या धंद्याचे रूप पालटले. अमेरिकी सैन्याची उरलेली डकोटा विमाने स्वस्तात विकायला निघाली आणि देशात हवाई कंपन्यांचे पीक आले. टाटांच्या कंपनीचे १९४६ साली 'एअर इंडिया' असे नामकरण झाले. १९४७ साली मुंबईत 'इंडामेर' नावाची कंपनी निघाली. विमाने चालवणे आणि त्यांची दुरुस्ती करणे अशी दोन्ही कामे करणारी. हे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे. पाऊणशे वर्षांनी ते आपल्याला पुन्हा भेटणार आहे, आणि तेही नागपुरात.

नागपूरची मध्यरात्र

शून्य मैलाचा दगड नागपुरात आहे याचा आम्हा विदर्भीयांना अभिमान असला, तरी त्या दगडाचा रोजच्या व्यवहारात उपयोग काय, असा प्रश्न पडतो. १९४९ साली त्या मध्यवर्ती असण्याचा उपयोग झाला. ३० जानेवारी १९४९ पासून रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. तेव्हाचे दळणवळण मंत्री रफी अहमद किडवाई यांनी तिला पाठबळ दिले. योजना सोपी होती आणि म्हणूनच विलक्षण होती. रोज रात्री दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून एकेक विमान आपापल्या प्रदेशातले टपाल घेऊन निघे. चारही मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर भेटत, थैल्यांची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत प्रत्येक विमान आपल्या गावी परत. नागपूरपासून ही चार शहरे हवाई मार्गाने सुमारे सातशे ते हजार किलोमीटरच्या आत. डकोटाला अडीच ते चार तासांचा पल्ला. एका रात्रीत जाऊन येण्याजोगा. त्याच वर्षी १ एप्रिलपासून, जिथे विमानाने पत्र लवकर पोचते तिथे जादा आकार न घेता ते विमानाने पाठवण्याचा निर्णय अमलात आला. मुंबईला संध्याकाळी पेटीत पडलेले पत्र दुसऱ्या दिवशी कलकत्त्याला वाटले जाऊ लागले.

या सेवेचे कौतुक करताना लोक विमानांकडे बघतात. माझ्या मते तिचा प्राण जमिनीवरच्या त्या दोन-अडीच तासांत होता. चार विमाने, आणि प्रत्येकातले टपाल उरलेल्या तिघांसाठी. म्हणजे बारा दिशांची अदलाबदल, रात्रीच्या अंधारात, दिव्यांच्या प्रकाशात. एखादी थैली चुकीच्या विमानात गेली तर दिल्लीचे पत्र मद्रासला. त्याच वेळात चारही विमानांत इंधन भरायचे, तेल बघायचे, इंजिने तपासायची. एका विमानाला उशीर झाला तर उरलेल्या तिघांनाही वाट पाहणे आले. शहर झोपलेले असताना सोनेगावला जागणारी ही माणसे होती टपाल खात्याचे छाननी कामगार, हमाल, मेकॅनिक, पेट्रोलवाले.

सेवा सुरू केली इंडियन ओव्हरसीज एअरलाइन्सने. पुढे ती दुसऱ्या खासगी कंपन्यांकडे गेली. १ ऑगस्ट १९५३ रोजी हवाई वाहतुकीचे राष्ट्रीयीकरण झाले, आठ कंपन्या मिळून इंडियन एअरलाइन्स कॉर्पोरेशन उभे राहिले आणि रात्रीचे टपालही त्याच्याकडे आले. नव्या महामंडळाला जेमतेम चार महिने झाले होते. १२ डिसेंबर १९५३ च्या पहाटेपूर्वी मद्रासला निघालेले डकोटा नागपूरहून उडताच काही क्षणांत इंजिन बिघडून कोसळले. विमानातल्या १४ जणांपैकी १३ दगावले, वाचला तो एकटा वैमानिक. मृतांत कामगार नेते आणि लोकसभेचे सदस्य हरिहरनाथ शास्त्री होते.

जमिनीवरच्या कामाचे माप असे उलट्या बाजूने दिसते. हजारो रात्री काही घडत नाही, आणि काही न घडणे हीच त्या कामाची पावती असते. ही सेवा ऑक्टोबर १९७३ पर्यंत, म्हणजे चोवीस वर्षांहून अधिक काळ चालली. नंतर मोठी आणि वेगवान विमाने आली, शहरे एकमेकांना थेट जोडली गेली आणि नागपूरला थांबण्याचे कारण उरले नाही. नकाशाने दिलेले महत्त्व तंत्राने काढून घेतले. त्या रात्रपाळीतून नागपुरात जे कसब तयार झाले होते, त्याला धरून ठेवील असा कारखाना किंवा शाळा तेव्हा गावात उभी राहिली नाही. माझ्या दृष्टीने या कहाणीतला पहिला धडा हाच.

एक खाते, दोन कंपन्या

मधल्या काळात देखभालीचे मोठे केंद्र मुंबईच राहिले. सांताक्रूझ-कालिना भागात जुन्या विमानतळालगत एअर इंडियाचे हँगर आणि कार्यशाळा वाढत गेल्या. १९७१ मध्ये पहिले जंबो जेट आले आणि हँगरांचे मापच बदलले. एअर इंडिया आपल्या विमानांबरोबर मुंबईत उतरणाऱ्या परदेशी कंपन्यांच्या विमानांचीही जमिनीवरची व्यवस्था बघत असे. सांगायचा मुद्दा असा की ही कामे तेव्हा वेगळ्या कंपनीची नव्हती. विमान उडवणारा, त्याचे नट आवळणारा आणि त्यात सामान चढवणारा हे तिघे एकाच मालकाचे नोकर होते. पगारात जमीन-अस्मानाचा फरक, पण ओळखपत्रावर चिन्ह एकच.

२००३ आणि २००४ साली एअर इंडियाच्या दोन उपकंपन्या कागदोपत्री स्थापन झाल्या. जमिनीवरच्या सेवेसाठी एअर इंडिया एअर ट्रान्सपोर्ट सर्व्हिसेस, आणि देखभालीसाठी एअर इंडिया इंजिनीअरिंग सर्व्हिसेस. बरीच वर्षे त्या कागदावरच राहिल्या. २००७ मध्ये एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स यांचे विलीनीकरण झाले, तोटा वाढत गेला, आणि सप्टेंबर २०१२ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने या दोन कंपन्या खऱ्या अर्थाने चालवायला मंजुरी दिली. सुमारे १९ हजार कर्मचारी मूळ कंपनीतून त्यांच्याकडे वर्ग करायचे ठरले.

असे का केले? हवाई कंपनीची कार्यक्षमता मोजताना जगभर एक आकडा बघतात, एका विमानामागे माणसे किती. एअर इंडियाचा हा आकडा फार मोठा दिसत असे. निम्म्याहून अधिक माणसे दुसऱ्या कंपनीच्या हजेरीपटावर गेली की तो एकदम खाली येतो. माणसे तीच, हँगर तोच, विमान तेच. बदलले ते पगाराच्या चिठ्ठीवरचे नाव. दुसराही हेतू होता, आणि तो अगदीच पोकळ नव्हता. स्वतंत्र कंपनी झाली की बाहेरच्या विमान कंपन्यांची कामे घेऊन तिला स्वतःच्या पायावर उभे राहता येईल. शेतकऱ्याने घरच्या बैलजोडीला भाड्याने जुंपून चार पैसे मिळवावेत, तसा हा विचार.

मिहानचे हँगर

याच सुमारास नागपूरच्या मध्यवर्ती असण्याला दुसऱ्यांदा भाव आला. २००२ साली महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी स्थापन झाली आणि नागपूर विमानतळाच्या शेजारी 'मिहान' प्रकल्पाची आखणी सुरू झाली. एअर इंडियाने २००५ च्या अखेरीस बोइंग कंपनीकडे ६८ विमाने मागवली. त्या व्यवहाराचा भाग म्हणून बोइंगने भारतात देखभाल-दुरुस्ती केंद्र उभारण्यासाठी सुमारे दहा कोटी डॉलर खर्चायचे मान्य केले, आणि ते केंद्र नागपूरला आले. पन्नास एकर जागा, जंबोइतकी मोठी विमाने मावतील असे दोन हँगर. केंद्र एअर इंडियाच्या इंजिनीअरिंग कंपनीच्या हाती येऊन काम सुरू व्हायला २०१५ उजाडले. करारापासून दहा वर्षे. हँगर उभा राहिला तरी धावपट्टीपासून त्याच्या दारापर्यंत टॅक्सीवे लागतो. आमच्याकडे धरण होते आणि पाटचाऱ्या मागाहून होतात, हे त्यातलेच.

विमान देखभालीच्या धंद्याचे अर्थकारण इथे समजून घ्यायला हवे. भारतीय कंपन्या मोठ्या तपासणीसाठी आपली विमाने बरीच वर्षे सिंगापूर, श्रीलंका, आखाती देश इथे पाठवत आल्या. मजुरी आपल्याकडे स्वस्त असूनही असे होई, याचे एक मोठे कारण कर. देशात केलेल्या दुरुस्तीवर १८ टक्के वस्तू व सेवा कर होता. १ एप्रिल २०२० पासून तो ५ टक्के झाला, आणि जुलै २०२४ मध्ये आयात सुट्या भागांवरही सरसकट ५ टक्के दर लागू झाला. हँगर बांधल्याने जेवढे झाले नाही, तेवढे या दोन निर्णयांनी होईल अशी आशा या क्षेत्रातले लोक बाळगून आहेत.

मिहानमध्ये इतरही उद्योग आले. टाटांच्या कारखान्यात बोइंग ७८७ या विमानाच्या जमिनीखालचे आडवे बीम तयार होऊ लागले. आणि इंडामेर परतली. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांत जिचा नागपूर विमानतळावर तळ होता, त्या नावाने मिहानमध्ये देखभाल केंद्र उभारले. तीस एकरांवर दहा हँगर, पंधरा विमाने एका वेळी उभी राहतील एवढी जागा. २०२५ च्या ऑगस्टमध्ये इंडामेर टेक्निक्स ही कंपनी अदानी समूहाने भागीदारासह विकत घेत असल्याचे जाहीर केले. नाव जुने, मालक नवे. या धंद्यात हे आता कुणाला नवल वाटण्याजोगे राहिलेले नाही.

विमान कंपनी विकली, माणसे उरली

२७ जानेवारी २०२२ रोजी एअर इंडिया पुन्हा टाटांकडे गेली. बोली १८,००० कोटींची होती. त्या दिवशी 'घरवापसी' हा शब्द सगळ्या वर्तमानपत्रांत होता. पण घरी सगळेच गेले नाहीत. विमाने, वैमानिक, हवाई सुंदऱ्या, मार्ग, महाराजाचे चिन्ह हे गेले. सिंगापूरच्या सॅट्स कंपनीबरोबरच्या ग्राउंड हँडलिंग भागीदारीतला निम्मा हिस्साही गेला. इंजिनीअरिंगची कंपनी आणि विमानतळ सेवेची कंपनी मात्र सरकारने आधीच काढलेल्या एका धारक कंपनीकडे ठेवल्या गेल्या, पुढे स्वतंत्रपणे विकायच्या म्हणून. १९३२ साली जुहूला टाटांच्या विमानाचे इंजिन पुसणाऱ्या मेकॅनिकचा आजचा वारस टाटांकडे परत न जाता सरकारकडे राहिला. भावांच्या वाटणीत घर एकाकडे आणि विहीर दुसऱ्याकडे जावी, तसे हे झाले. विहीरवाल्याचे पाणी घरवाला घेतो, पण किती दिवस घेईल हे घरवाल्याच्या हाती. एअर इंडियाने बंगळूरच्या विमानतळालगत ३५ एकरांवर सिंगापूरच्या कंपनीच्या साहाय्याने स्वतःचे देखभाल केंद्र उभारायला घेतले आहे. ते पुरे झाले की जुन्या इंजिनीअरिंग कंपनीला आपल्या सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकाशिवाय जगायचा विचार करावा लागेल. नागपूरच्या त्या दोन हँगरांचे भवितव्यही यात गुंतलेले आहे.

ग्राउंड हँडलिंगचे काय? १६ जुलै २०२४ रोजी मुंबईत कालिना इथे विमानतळ सेवा कंपनीची थेट भरती होती. सामान चढवणे-उतरवणे अशा स्वरूपाची कामे, पगार वीस-पंचवीस हजारांच्या आसपास. वर्तमानपत्रांत आकडे वेगवेगळे आले. जागांचा सर्वांत मोठा आकडा बावीसशेच्या घरातला, आणि उमेदवारांचा पंचवीस हजारांचा. बुलढाण्यापासून राजस्थानपर्यंतचे पदवीधर त्या रांगेत होते, असे बातम्यांत आले. चेंगराचेंगरी व्हायची वेळ आली, तेव्हा मुलाखती न घेता अर्ज गोळा करून लोकांना घरी पाठवले. त्या दिवशी अनेकांनी दोष एअर इंडियाला दिला. कंपनीच्या नावात ती दोन अक्षरे अजून होती, एवढाच तिचा एअर इंडियाशी उरलेला संबंध.

या कामाला धोकाही आहे, आणि तो ओझ्याचा नव्हे. १६ डिसेंबर २०१५ रोजी मुंबई विमानतळावर हैदराबादला निघालेल्या विमानाचे इंजिन चालू झाले, तेव्हा जवळ उभा असलेला एक तंत्रज्ञ त्यात ओढला जाऊन मरण पावला. विमान मागे ढकलून झाल्यावर ते सोडताना जमिनीवरच्या माणसाने हात करायचा आणि वैमानिकाने प्रतिसाद द्यायचा, हा रिवाज आहे. खिडकीत बसलेल्या प्रवाशाला तो निरोपाचा हात वाटतो. वास्तविक ती खूण असते की माणसे आणि अवजारे दूर झाली, आता तुझी वाट मोकळी.

आणखी एक गोष्ट गेल्या काही महिन्यांत लक्षात आली. १५ मे २०२५ रोजी केंद्र सरकारने तुर्कस्तानच्या चेलेबी या ग्राउंड हँडलिंग कंपनीची सुरक्षा परवानगी राष्ट्रीय सुरक्षेच्या कारणाने काढून घेतली. कंपनी देशातल्या नऊ विमानतळांवर काम करत होती. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि ७ जुलैला याचिका फेटाळली गेली. निर्णयाची राजकीय बाजू बाजूला ठेवू. सामान्य प्रवाशाला त्या दिवशी पहिल्यांदाच कळले, की आपली बॅग ज्या हातांतून जाते ते हात विमान कंपनीचे नसतात, आणि विमानाच्या अगदी जवळ जाण्याची मुभा असलेला माणूस हा सुरक्षेच्या साखळीतला महत्त्वाचा दुवा असतो. ज्याला आपण हमाल म्हणतो त्याच्यावर राज्यसंस्थेचे एवढे बारीक लक्ष असते, पण त्याच्या नोकरीच्या कायमपणावर कुणाचेच नसते.

उरते काय

हा सगळा प्रवास मांडून झाल्यावर माझ्यापुरते दोन निष्कर्ष निघतात.

पहिला विदर्भासाठी. मध्यवर्ती असणे हे भांडवल नव्हे, फार तर ते संधीचे आमंत्रण असते. १९४९ साली ते आले, चोवीस वर्षे राहिले, आणि विमानांचा पल्ला वाढताच निघून गेले. २०१५ साली ते पुन्हा आले. या वेळी हँगर आहे, कर कमी झाला आहे, खासगी भांडवलही आले आहे. पण हँगरची मालकी एका सहीने बदलते, हे आपण पाहिले. जागेवरून न हलणारी गोष्ट एकच, ती म्हणजे परवानाधारक कसब. दिग्रस, पुसद, दारव्हा, उमरखेड इथल्या मुलाला आज विज्ञानातून बारावी झाल्यावर विमान देखभालीचा परवाना कसा मिळतो, कोणत्या परीक्षा असतात, किती वर्षे हाताखाली काम करावे लागते, मान्यताप्राप्त संस्था कोणती आणि नुसते गणवेश देणारी कोणती, हे सांगणारा माणूस तालुक्याच्या ठिकाणी सापडत नाही. म्हणून एकाच गावातली दोन सारख्या बुद्धीची मुले, एक सही करण्याच्या बाजूला जातो आणि दुसरा कालिन्याच्या रांगेत उभा राहतो. एस. टी.च्या आगारात आणि जिनिंगमध्ये बेअरिंगचा आवाज ऐकून बिघाड सांगणारे फिटर आमच्याकडे पिढ्यान्पिढ्या आहेत. हाताची कमतरता नाही, वाट दाखवणाऱ्याची आहे.

दुसरा निष्कर्ष इतिहास लिहिणाऱ्यांसाठी. नागपूरच्या रात्रीच्या टपालाची शेवटची पाळी १९७३ साली झाली. त्या वेळी विशीत असलेला मेकॅनिक, हमाल किंवा टपाल छाननी करणारा आज सत्तरी ओलांडून गेला आहे. सोनेगाव, वर्धा रोड, खामला या वस्त्यांत असे लोक अजून असतील. चार विमाने कोणत्या क्रमाने उतरत, थैल्यांवर खुणा कोणत्या असत, धुक्याच्या रात्री काय करत, पावसात टपाल कोरडे कसे ठेवत, पहाटे पाळी सुटल्यावर घरी कसे जात, हे कंपन्यांच्या कागदांत मिळणार नाही. त्या कंपन्याही आता उरलेल्या नाहीत. विद्यापीठाच्या इतिहास विभागाने, एखाद्या महाविद्यालयाने, निदान चार-दोन उत्साही मुलांनी ध्वनिमुद्रणाचे यंत्र घेऊन त्यांच्या दारात जायला हवे. आज प्रत्येकाच्या खिशातल्या फोनमध्ये ते यंत्र आहेच. नाव, गाव, पाळी आणि काम एवढे चार रकाने भरले तरी सुरुवात होईल. हे काम पाच वर्षांनी करता येईल असे समजू नये.